बिनपुडीची धिंगरी

कालपासून काळ्या कागदावर ठेवलेली धिंगरी अळिंबी वृंदाने अलगद उचलली. एरवी खाली तिच्या बीजाणूंची पिठासारखी पांढरी पूड सांडलेली असायची. आज कागद कोरा होता. पूड न सांडणारं वाण मिळावं म्हणून ती सहा वर्षं संकर करत होती. तिने हातातला चिमटा खाली ठेवला. तिला अनसूयामावशी आठवल्या.

संशोधन केंद्रात नवी आली तेव्हा वृंदाला लागवडीचं सगळं काम मावशींनीच शिकवलं होतं. पण वीस वर्षं ती पूड श्वासातून आत गेली आणि त्यांना जीवघेणा खोकला जडला. डॉक्टरांनी लागवडीच्या खोलीत पाऊल टाकायलाच मनाई केली. "मला दुसरं काही येत नाही हो, ताई," म्हणत त्या रडत घरी गेल्या होत्या.

नव्या वाणाचं पहिलं पीक काढणीला आलं, तसं वृंदाने त्यांना बोलावून घेतलं. लागवडीच्या खोलीच्या दारातच मावशींनी पदर नाकाला लावला. खोकल्याचं औषध मुठीत धरून वृंदा शेजारी उभी राहिली. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. पदर हळूहळू खाली आला. मावशींनी छाती भरून श्वास घेतला, आणखी एक घेतला. खोकला आला नाही.

वृंदाचे डोळे भरून आले. मावशींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या अळिंबी उगवलेली एकेक पिशवी चाचपत पुढे निघाल्या होत्या.

"ताई, पेंढा किती सैल भरलाय हा! कोण भरतं हो पिशव्या?" त्या करवादल्या. "राहू द्या. उद्यापासून मी येते."