शुक्रवारच्या आत

“पुढच्या शुक्रवारच्या आत ओठ बरा व्हायला हवा,” चपला काढता काढता तो म्हणाला. “तुझ्याकडे काही आहे का?”

“कुणाचा ओठ?”

“आहे एक पोरगा. आमच्या इथला.”

आमच्या इथला म्हणजे तुरुंगातला. तेवीस वर्षं तो तिथे पहारेकरी होता आणि तिथलं काहीही घरात आणत नव्हता. आज आणलं, तेही औषधापुरतं. बायकोने काजं करायला घेतलेला शर्ट बाजूला ठेवला. औषधाचं नाव निघालं की तिला हुरूप यायचा. गल्लीत तिला सगळे अर्धी डॉक्टर म्हणत, आणि उरलेली अर्धीही आपणच आहोत असं तिला मनातून वाटत असे.

“पाणी भरलेले फोड आहेत? झोंबतात?”

“आधी ताप आला. मग खालच्या ओठावर फोडांचा घोसच उठला. दवाखान्यातल्या मलमाने ढिम्म फरक नाही. शुक्रवारी सकाळी डॉक्टर तपासणार. काही दुखणं दिसलं तर तारीख पुढे ढकलतात. साहेबांना ते नकोय.”

तिला सगळं समजलं. कैद्याला सोडताना डॉक्टर तपासतो, मगच फाटक उघडतं, एवढं तिला इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं. चार फोडांपायी पोराचं घरी जाणं लांबणार म्हणजे कमालच झाली!

“घरी कोण आहे त्याच्या?”

“आई.”

“मग बसताय काय? आधी बर्फ न्या.”

पहिले दोन दिवस बर्फ झाला. थर्मासमध्ये खडे आणि वर धुतलेल्या फडक्याची घडी. मग चहाची भिजवून गार केलेली पुडी. मग मध, तोही कापसाने लावायचा, बोटाने नाही. पोराचा पेला वेगळा, टॉवेल वेगळा. आंबट बंद, तिखट बंद. नवरा सगळं ऐकून घ्यायचा, डबा उचलायचा आणि जायचा.

“काय म्हणतो पोरगा?” तिने बुधवारी विचारलं.

“काकूंना सांगा, झोंबायचं थांबलं, म्हणाला.” त्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. “विचारत होता, याला जास्तीत जास्त किती दिवस लागतात?”

“जास्तीत जास्त कशाला? पार धीर सुटलेला दिसतोय. सांगा त्याला, आठ-दहा दिवसांत ओठ नवा करून देते. काळजी करू नकोस म्हणावं.”

“सांगतो.”

त्यांना मूलबाळ नव्हतं. कुणाचं तरी पोर आपल्या हाताने बरं होतंय, या विचाराने ती आठवडाभर गाणं गुणगुणत काजं करत होती. एकदा तर तिने त्याच्या आईची खोलीसुद्धा मनाशी रंगवली. गादीवर धुतलेली चादर आणि दाराकडे लागलेले डोळे.

शनिवारी नवरा आला तो तोंड पाडून.

“रक्त आलं. खपली धरली होती, ती त्याने नखाने उचकटली. मधही पुसून टाकतो. परवापासून चाललंय.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “लहान बाळ आहे का तो? तिकडे आई डोळ्यांत प्राण आणून बसली असेल आणि हा खपल्या काढतोय! आणि तुम्ही काय नुसते बघत उभे राहता? नखं कापा आधी. कोरफडीचा गर देते, वर व्हॅसलिनचा जाड थर द्या. ऐकत नसला तर हात धरा त्याचे.”

“हात धरू?”

“धरा ना. त्याच्या भल्यासाठीच धरताय.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो हात धुवायला उठून गेला. त्या दिवशी तो जेवला नाही. वय झालं, ड्यूटी सोसत नाही, असं तिला वाटलं आणि तिने त्याचं अंथरूण लवकर घातलं.

रविवारी तिथे दोघा पहारेकऱ्यांनी मिळून त्याचे हात धरले. सोमवारीही. मंगळवारी तो म्हणाला, “आज धरावे लागले नाहीत. गप्प बसून लावून घेतलं.”

“बघा! आलं की नाही ठिकाणावर?” ती खूश झाली.

बुधवारी खपली आपोआप गळली. गुरुवारी तिने शेवटचा गर काढून दिला आणि निरोप दिला, की आईला आधी डोळे भरून बघून घे म्हणावं, बाकीचं सगळं नंतर.

शुक्रवारी तो सकाळी नऊलाच परत आला. मोरीत गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. तिने चहा टाकला. तिला दम निघत नव्हता.

“झालं ना सगळं नीट? डॉक्टरांनी सही केली?”

“केली.”

“आणि आई? आली होती न्यायला?”

“आली होती. फाटकाशी उभी होती.”

“मग? पोटाशी धरलं असेल पोराला!”

तो ओल्या हातांनीच खाली बसला.

“आजारी माणसाला फाशी देता येत नाही, असा नियम आहे,” तो म्हणाला. “पहाटे डॉक्टरांनी बॅटरी लावून दोनदा ओठ बघितला. म्हणाले, डागसुद्धा नाही.”