तांबं जरा जास्तच

"अर्धा घंटा झाला पोरी, तू अजून टोचलं नाई," असं म्हणत जयवंताबाईंनी डाव्या हाताचं बोट पुढे केलं.

प्रतिभा चटईवर पाय पसरून बसली होती. "टोचीन न मावशी. घाई काय हाय? बस चारची हाय."

घाई जयवंताबाईंना तरी कुठे होती? आदिलाबाद जिल्ह्यातल्या, तलमडुगूच्या अलीकडच्या या खेड्यात त्यांच्या घरात येऊन बसणारं हे एकच माणूस होतं, तेही महिन्यातून एकदा. मुलगा वैभव हैदराबादला. दर रविवारी फोन करायचा, गोळी घेतली का विचारायचा आणि हो म्हटलं की ठेवून द्यायचा. गोळी रक्ताच्या कॅन्सरची होती, रोज एक. शेजारी वाईट नव्हते, पण आजाराचं नाव कळल्यापासून ओट्यावरूनच चौकशी करून जायचे. चहा म्हटला की त्यांना नेमकं काम आठवायचं. या घरचा चहा प्यायचा तो फक्त प्रतिभाने.

या आजाराच्या लोकांच्या रक्तात तांबं किती, जस्त किती, हे शोधायचं एक काम जिल्ह्यात निघालं होतं. प्रतिभा त्या कामावर लागली आणि दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा या दारात आली. तिने समजावून सांगितलं होतं, "या आजारात तांबं चढते न् जस्त उतरते, मावशी. दवाईनं आराम पडला का दोनी जागेवर येतात."

"मंग?"

"मंग तुमी सुटल्या. माहं येनं बंद."

प्रतिभा हसत बोलली होती. जयवंताबाईंच्या मात्र ते काळजात रुतून बसलं.

गेल्या श्रावणात ती जीपने आली. दोन नळ्या रक्त घेतलं, नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या आणि फॉर्म भरता भरता म्हणाली, "एवढा एक रिपोट चांगला आला का झालं, मावशी." बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बर्फ वितळायच्या आत आदिलाबाद गाठायचं होतं.

त्याच संध्याकाळी जयवंताबाईंनी फळीवरचं लग्नातलं तांब्याचं पातेलं खाली काढलं. त्याची कल्हई केव्हाच उडाली होती. बिनकल्हईच्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं, विषासारखं होतं, हे कुठल्या बाईला सांगावं लागतं? नवी सून असताना याच पातेल्यात ताक ठेवलं म्हणून सासूने त्यांची सालं काढली होती. आता त्यांनी आपल्या हाताने त्यात आंबट ताक ओतलं, रात्रभर झाकून ठेवलं आणि सकाळी ते हिरवट पाणी डोळे मिटून वाटीभर प्यायलं. दिवसभर उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवसापासून अर्धी वाटी. शुद्ध मूर्खपणा होता तो. पण दिवस दिवस ज्याच्याशी कोणी बोलत नाही, त्याला शहाणपण शिकवायला कोण जाणार?

आणि गुण आला! पुढच्या खेपेला प्रतिभा एकटीच आली, उटनूरच्या आपल्या घरून दोन बस बदलून. दारातूनच म्हणाली, "मावशी, तांबं जरा जास्तच निघालं. येत राहावं लागंल मले."

जयवंताबाईंनी त्या दिवशी कांद्याची भजी तळली. तांबं चढलं म्हणून भजी तळणारी अख्ख्या जिल्ह्यात ती एकटीच बाई असेल.

त्याला आता सहा महिने झाले. नळ्या गेल्या, बोटाला टोचून काचपट्टीवर एक थेंब घेतला की झालं. नवी पद्धत आहे, असं प्रतिभाने सांगितलं होतं. फॉर्मही ती आता भरत नसे. पोर घरचीच झाली, दर वेळी आपलं नाव-वय काय विचारणार, असं जयवंताबाईंना वाटे. ती भाकर खायची, घटकाभर पडायची, जयवंताबाईंची वेणी घालून द्यायची. "आई गेल्यापासून घरी गेलं तर जेवली का म्हनून इचारनारं कोनी नाई," असं एकदा वेणी घालतानाच बोलून गेली होती.

आज ऊन फार होतं. थेंब घेऊन झाल्यावर प्रतिभा उठली. "मावशी, ताक हाय का?" असं विचारत ती सरळ पातेल्याकडे वळली.

"नोको!" जयवंताबाईंनी झेप घेऊन झाकण दाबलं. "थे नोको पिऊ तू!"

"काऊन वो?"

"नासलं हाय थे. थांब, चहा मांडून देईन."

प्रतिभाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मावशी, तुमी लय वाळून राह्यल्या."

"वय झालं माय."

जयवंताबाई चहा कपात गाळू लागल्या. मग प्रतिभा म्हणाली, "मावशी, एक सांगाचं होतं तुमाले."

जयवंताबाईंचा हात कपावरच थांबला. आता ही 'तुमी सुटल्या' म्हणणार, पुढच्या महिन्यापासून येणार नाही म्हणणार. "सांग न," त्या कशाबशा म्हणाल्या.

प्रतिभा बराच वेळ चटईची काडी उसवत राहिली. "काई नाई. तांबं अजून जरा जास्तच हाय."

"अस्सं?" आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मंग पुढच्या महिन्यात..."

"येईन न."

ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली तशा जयवंताबाई आत आल्या. आज जीव थोडक्यात वाचला होता. त्यांनी पातेल्याचं झाकण काढलं आणि अर्धी नव्हे, काठोकाठ वाटी भरून घेतली.

तिकडे बस सुटल्यावर प्रतिभाने मांडीवरचा बर्फाचा डबा उघडला. आत बर्फ नव्हता, तिचा जेवणाचा डबा होता. तिने काचपट्टीवरचा थेंब स्पिरिटच्या कापसाने स्वच्छ पुसला आणि पट्टी पुढच्या महिन्यासाठी पुन्हा त्याच कागदात गुंडाळली. पोळ्याच्या आठवड्यात ऑफिसातून मिळालेला, श्रावणातल्या रक्ताचा कागद होता तो: तपासणीचं काम बंद, जयवंताबाई, तांबं ठीक, जस्त ठीक, यापुढे भेटीची गरज नाही.