गेमवाल्या पोराची चौकशी

"हा पोट्टा नक्की गेमच्या कंपनीचं खाऊन बोलते," कमलाकरराव म्हणाले आणि त्यांनी मोबाइल बायकोच्या तोंडापुढं धरला.

शोभाताई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "जावई व्हायचा आहे तो तुमचा. पोट्टा काय म्हणता?"

"व्हायचा आहे. झाला नाही अजून."

मोबाइलमधला पोट्टा म्हणजे यवतमाळचा सलील. बँकेत नोकरी, घरचे लोक सज्जन. तो त्यांच्या पोरीला, शाल्मलीला, पाहून गेला होता. आधीची चार स्थळं नाक मुरडून परत पाठवणाऱ्या शाल्मलीनं त्या दिवशी त्याला दोनदा चहा विचारला. अडचण एकच. बँकेतून आला की हा गडी मोबाइलवर नव्यानं निघालेले गेम खेळायचा आणि कोणता चांगला, कोणता फालतू, हे आपल्या वऱ्हाडी बोलीत व्हिडिओ करून सांगायचा. चाळीस हजार लोक ते ऐकायचे.

कमलाकरराव कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. संशय त्यांच्या हाडीमासी भिनलेला. अर्ध्या घाटंजी गावाच्या सोयरिकींची चौकशी त्यांनीच केलेली. ज्याचं मुलाच्या घराशी भिंतीवरून भांडण आहे त्याला आधी विचारायचं, ही त्यांची रीत. मुलगा सोन्यासारखा, पण मामा पत्त्यात बसतो, एवढ्यावर त्यांनी एक जमलेली सोयरीक मोडून टाकली होती. लोक त्यांना मानायचे.

सलीलबद्दल त्याच्या न्हाव्यानं चांगलं सांगितलं, शेजाऱ्यानं चांगलं सांगितलं. तरी रावांच्या मनातली पाल चुकचुकत राहिली.

"कोणत्या गेमले हा चांगला म्हणते, कोणत्याले भिकार म्हणते. कशावरून? गेमबद्दल खोटं बोलणारा माणूस बायकोसंगं खरा राहते काय?"

"मंग खेळून पाहा तुम्ही," शोभाताई वैतागून म्हणाल्या.

झालं. बाई बोलून गेली आणि रावांनी ते खरं धरलं. दुसऱ्या दिवशी ते नयनच्या मोबाइल दुकानात गेले आणि सलीलनं मतं दिलेले तीन नवे गेम टाकून घेऊन आले.

पहिला शेतीचा. सलील म्हणाला होता, "यात चौथ्या दिवशी कापूस फुटते. बनवणाऱ्यानं पऱ्हाटी कधी पाह्यलीच नाही." रावांनी पेरणी केली. चौथ्या दिवशी शेत पांढरं झालं. दुसरा गाड्यांच्या शर्यतीचा. सलीलचं म्हणणं, वळणावर गाडी ऐकत नाही. राव एकाच नालीत अकरा वेळा पडले. तेही खरं निघालं.

तिसऱ्यापाशी मात्र घोडं अडलं. त्याचं नाव 'काळा घाट'. भुताटकीचा, दहा टप्प्यांचा. सलीलनं याची तोंड फाटेस्तोवर तारीफ केली होती. "एक नंबर आहे, डोये झाकून घ्या," असं. एवढी तारीफ फुकट कोणी करते काय? इथंच पाणी मुरतंय, रावांनी ठरवलं. पण शेवटपर्यंत पाहायचं तर एकेक टप्पा पार करणं आलं.

राव ओट्यावर खुर्ची टाकून बसले. सोमवारचं भजन सुटलं. फिरायला जाणं सुटलं. गावातला हरिसिंग आपल्या पुतणीच्या स्थळाचं विचारायला आला तर त्याला म्हणाले, "थांब थोडा, घाट चढून राह्यलो." हरिसिंग अर्धा तास थांबला आणि निघून गेला. "मर ना बे एकदाचा," असं राव भुताला म्हणाले, तेव्हा शेजारच्या बेबीताई कपडे वाळत घालत होत्या. त्या बादली तशीच ठेवून घरात गेल्या.

"बाबा, पाया पडते," शाल्मली एका दुपारी जवळ येऊन म्हणाली. "मले तो आवडला आहे. याच्यात तरी खोट काढू नका."

"खोट नसली तर निघणार नाही," राव म्हणाले. नजर मोबाइलवरच होती.

आठव्या दिवशी खोट निघाली. सात टप्पे झकास होते. आठव्यापासून सगळं तेच ते, भूतसुद्धा कंटाळलेलं. सलीलनं याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. राव खूश झाले. त्यांनी 'घाटंजीकर' या खोट्या नावानं व्हिडिओखाली लिहिलं, "आठव्या टप्प्यापासून गेम भिकार आहे. तुम्ही लपवलं काहून? किती घेतले?"

दुसऱ्या दिवशी सलीलचा नवा व्हिडिओ आला. "घाटंजीकर बरोबर म्हणतात. मी सातव्या टप्प्यापर्यंतच खेळलो होतो आणि घाईनं बोललो. पैसे कोणाचे घेतले नाही, पण चूक माझी आहे. माफी मागतो."

रावांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. चाळीस हजार लोकांसमोर आपली चूक मान्य करणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

"शाल्मले, इकडं ये," त्यांनी हाक मारली. "तुझी आई कुठं आहे? तिलेही बोलाव."

दोघी आल्या. रावांनी स्थळ आणणाऱ्या चुलतबहिणीला, विमलताईला, फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"विमल, आपल्याकडून पक्कं. चौकशी झाली. पोरगा हिरा आहे."

विमलताईनं त्यांचं बोलणं मधेच तोडलं.

"भाऊ, मी तुलेच फोन करणार होती. त्यांचा नकार आला."

रावांचा आवाज चढला. "नकार? आमच्या पोरीत काय खोट दिसली त्यांले?"

"पोरीत काहीच नाही. पोरगी लाख आहे म्हणते. पण त्यांनीही घाटंजीत चौकशी केली, भाऊ. ज्याले विचारलं त्यानं एकच सांगितलं, पोरीचा बाप दिवसभर ओट्यावर बसून गेम खेळते."