म्हाळसाबाईचा भंडारा

वरून ओतावं तेवढं पाणी मोटारीच्या टाकीतून खाली रस्त्यावर गळत होतं. ड्रायव्हर शिवलिंगप्पानं हातातला डबा हलवून पाहिला. तळाशी थोडंच उरलं होतं. वळसंग मागं पडलेलं, सोलापूर अजून लांब. दोन्ही अंगांना नुसता वाळका माळ.

आत फुलाबाई कळा देत होती. मूल आडवं आलंय, मोठ्या दवाखान्यात न्या, असं सुईणीनं सकाळीच हात टेकून सांगितलं होतं. तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हाळसाबाई बसली होती. कळ आली की फुलाबाई तिचं मनगट आवळायची. नखं रुतायची. म्हाळसाबाई हात सोडवून घेत नव्हती. दुसऱ्या हातानं पदर घेऊन तिचा घाम टिपत होती.

"हिचा मालक कुटं हाय, अक्का?" शिवलिंगप्पानं विचारलं.

"मेंढरामागं, नदीपल्याड. तू मोटरीचं बघ की!"

"तेच बघतोय. टाकीला बारीक चीर पडलीया. पाण्याबिगर हाकली तर इंजिन जळंल. मूठभर हळद असती तर चीर बुजली असती. पर हितं माळावर हळद कोण देतंय?"

म्हाळसाबाईचा हात कमरेच्या पिशवीकडं गेला आणि तिथंच थांबला.

पिशवीत जेजुरीचा भंडारा होता. लग्नाला किती वर्षं उलटली, तिची कूस काही उजवली नव्हती. रोज न्हाऊन ती चिमूटभर भंडारा जिभेवर ठेवायची. कण सांडू द्यायची नाही.

पुन्हा कळ आली. या खेपेला फुलाबाई ओरडलीच नाही. मनगटावरची तिची बोटं सैल पडत चालली.

म्हाळसाबाईनं तिचं डोकं शेजारीण सावित्रम्माच्या मांडीवर दिलं, खाली उतरली आणि पिशवीची गाठ सोडली.

"अय्यय्यो!" सावित्रम्मा आतून ओरडली. "खंडोबाचा भंडारा तो! तुझ्या कुशीसाठी आणलेला. यंत्राच्या नरड्यात घालतीस?"

"घालू दे, अव्वा. देवाला बी एकदा मोटरीत बसू दे की."

तिनं पिशवी डब्यात झटकली. शिवलिंगप्पानं पाणी ढवळून टाकीत ओतलं. खालून पिवळे थेंब पडले. मग जाड, सावकाश पडू लागले. मग थांबले. त्यानं हँडल मारलं. मोटार गुरगुरली, हलली.

वाटेत त्यानं मान वळवून पाहिलं. फुलाबाईचं डोकं पुन्हा म्हाळसाबाईच्या मांडीवर होतं, आणि तिची बोटं मनगटावर घट्ट रुतली होती.

"लई माया हाय, अक्का. धाकटी भैन का तुमची?"

"न्हाय रं," फुलाबाईचे ओले केस मागं सारत म्हाळसाबाई म्हणाली. "सवत हाय माजी. तू फुडं बघून हाक."