गोळी घेतली का?

"आज वहिनीचा कोणता आवाज पाठवू?" प्रियंकानं विचारलं.

"तुरीचा नको," येडबा म्हणाला. "त्यात ती म्हणती, तूर उगवली. आता तूर कमरेला लागली."

"परवा चुकून तोच गेला, बापू. दादा काहीच बोलला न्हाई."

"पोरगं शेती विसरलं तिकडं जाऊन." येडबा हसला. भिवराबाईनं भाकरीवरून नजर उचलली नाही.

प्रियंकानं मच्छरदाणीचा निवडला. तसाच पुढं पाठवला तर फोनवर 'फॉरवर्ड' असं लिहून येतं, म्हणून आवाज आपल्या फोनवर घेऊन लावायचा, वहिनीचा फोन त्याच्यासमोर धरायचा आणि नव्यानं भरून पाठवायचा. तेवढा वेळ घरात कुणी भांडंसुद्धा हलवत नसे.

"आवं, गोळी घेतली का? मच्छरदाणी गादीखाली खोसून झोपा. पाणी उकळल्याबिगर पिऊ नका. अन् लई शाने बनू नका."

शालूचा आवाज घरभर झाला आणि थांबला. शालूला जाऊन महिना होत आला होता.

तिचा नवरा आदिनाथ उन्हाळ्यात युगांडाला गेला, बोअरच्या गाडीवर. जायच्या आधी मुंबईला जाऊन पीतज्वराची लस घेतली, त्याचं पिवळं कार्ड पासपोर्टात ठेवलं. टायफॉईडचं इंजेक्शन घेतलं. मलेरियाच्या गोळ्या रोज एक, परत आल्यावरही काही आठवडे. आरोग्य केंद्रातल्या पंकजा सिस्टरनं घरी येऊन सगळं समजावलं होतं. संध्याकाळी अंगभर कपडे, जाळीत झोपायचं, ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. शालूनं ते तोंडपाठ केलं होतं.

निघताना सिस्टर रांजणाकडे बघून म्हणाली होती, "हे घरच्यांनी बी पाळायचं बरं का. दर आठवड्याला कोरडा करा."

"आमी कुठं जायलोत बाई?" भिवराबाई म्हणाली होती, आणि सगळे हसले होते.

पोळ्याच्या तोंडावर तिकडून पिंगळीच्या धम्मपालचा निरोप आला. तो आदिनाथबरोबर त्याच गाडीवर होता. आदिनाथला मलेरिया झालाय, दवाखान्यात ठेवलंय, घाबरू नका. त्याच आठवड्यात शालू परभणीच्या दवाखान्यात होती. डेंग्यू. तिच्या पेशी वाढल्याच नाहीत.

तापात पडलेल्या माणसाला हे कसं सांगायचं? तो शालूचं सोडून कुणाचं ऐकत नसे. तिनं विचारलं नाही तर गोळी घेणार नाही, हे भिवराबाईला ठाऊक होतं. मग येडबाला सुचलं. मेंढीचं पिल्लू मेलं की तो त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या पिलाच्या अंगावर बांधायचा. वास ओळखून मेंढी पाजायची.

"पोराला बरं होऊ द्या," तो म्हणाला होता. "दिवाळीला आला की समोर बसवून सांगू."

फोन वाजला. प्रियंकानं आवाज मोठा केला.

"घेतली गं. किती इचारतीस? तू जप जिवाला."

भिवराबाईनं पदर तोंडाशी धरला. "हाय," ती म्हणाली. "पोरगं बरं हाय." त्यानंतरच तिनं घास घेतला. "सगळी काळजी तिकडची केली बाई आपण."

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना अंगणात कुणीतरी चप्पल काढली. धम्मपाल होता. खांद्याला बॅग, डोळे तांबारलेले.

घरात कुणाला काय करावं सुचेना. भिवराबाईनं आधी शालूचा फोटो फळीवरून काढून अंथरुणात खुपसला, मग पाणी नेलं.

"कधी आलास लेकरा?"

"आजच, मावशी. विमानतळावरून सरळ इकडंच."

"आदिनाथ कसा हाय?"

धम्मपालनं तांब्या खाली ठेवला. "आता ताप न्हाई."

"गोळ्या घेतो का? खरं सांग."

"वहिनीचा एक बी मेसेज ऐकायचा राहू देत न्हाई." तो घरात डोकावला. "वहिनी कुठंय? तिच्याशी बोलायचंय. तिच्याशीच."

येडबा आणि भिवराबाईनं एकमेकांकडे पाहिलं.

"माहेरी गेली," भिवराबाई म्हणाली. "सोनपेठला."

"एकटीच?"

"हं."

"चहा तरी घे," येडबा म्हणाला. "आन तिकडं पोराला काही बोलू नको, ती घरी न्हाई म्हणून. उगं काळजी करल."

धम्मपालनं बॅग जवळ ओढली. मग उठला. "न्हाई बोलत, मामा. उद्या येतो. तेवढं वहिनीला बोलावून घ्या. तुमी सगळे जवळ असताना बोलायचंय."

तो अंगण उतरताच प्रियंका आतल्या खोलीत पळाली. हा बाहेर पडल्या पडल्या दादाला कळवणार, वहिनी माहेरी गेलीय. वहिनीनं आधी सांगितलेलं बरं. मागं शालू सोनपेठला गेली होती तेव्हाचा एक आवाज होता. तिनं तो शोधला, घाईनं भरला आणि पाठवला.

"मी माहेरी आलेय. हितं बी तुमचाच घोर. गोळी घेतली का?"

खिडकीतून मेंढ्यांचा वाडा दिसत होता. धम्मपाल कुंपणाच्या आडोशाला थांबला होता. बॅगेत वाजलेला फोन काढून त्यानं कानाला लावला, शेवटपर्यंत ऐकलं आणि तिथंच खाली बसला. थोड्या वेळानं त्यानं खिशातून दुसरा फोन काढला. जवळ आलेलं कोकरू ओरडू नये म्हणून त्याला हातानं लांब सारलं आणि दोन्ही फोन समोरासमोर धरले.

प्रियंकाच्या हातातला शालूचा फोन वाजला.

"घेतली गं," आदिनाथ म्हणाला.