रचना नॉर्मल

जेलची बाटली कोमट पाण्यात उभी होती.

रिपोर्टच्या तयार नमुन्यातली तिसरी ओळ: गर्भाशयाची रचना नॉर्मल.

बाहेर बाकावर पेशंटच्या सासूबाई टोपडं विणत होत्या. टाके मोजताना त्यांचे ओठ हलत होते.

दोन मिलिमीटर.

रेडिओ आज गप्प होती.

रेडिओ हे काही त्या बाईचं खरं नाव नव्हे. ते सोनोग्राफी सेंटरच्या मावशींनी ठेवलेलं. चार आठवड्यांपूर्वी, पहिल्या तपासणीला, ती आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत बोलत होती. बँकेतला साहेब, नणंदेचं लग्न, दुखरा गुडघा, शेजारचं मांजर. "हिच्या तोंडाला झाकणच नाही," असं मावशी तिच्या पाठीमागे म्हणाल्या आणि डॉक्टरबाई हसल्या होत्या. आज सकाळपासून तिच्या पोटात उजवीकडे कळा येत होत्या. ती छताकडे बघत पडली होती. कपाळावर घाम होता.

पडद्यावर बाळ दिसत होतं. सोळा आठवड्यांचं. हातपाय हलत होते, ठोके घड्याळासारखे. डॉक्टरबाईंनी सवयीने डोकं मोजलं, मांडीचं हाड मोजलं. मग बाळाभोवतीची भिंत मोजली आणि त्यांचा हात थबकला. परत मोजली. दोनच मिलिमीटर.

त्यांनी पोटावर टेकवलेला प्रोब डावीकडे सरकवला. तिथे आणखी एक गर्भाशय होतं. अरुंद, वाकडं, रिकामं. खालची वाट, म्हणजे गर्भाशयाचं तोंड, त्यालाच जोडलेली होती. बाळ होतं त्या कप्प्याला वाटच नव्हती.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते त्यांना स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. चार आठवड्यांपूर्वी ही बाई याच टेबलावर होती. त्यांनी ठोके पाहिले, आठवडे भरले, सही केली. बाकीच्या ओळी नमुन्यात तयारच असतात. दिवसाला चाळीस पोटं. तिसरी ओळ कोणी वाचत नसे. त्याही नाही.

त्यांनी एका हाताने प्रोब तसाच धरून दुसऱ्या हाताने सर्जनना फोन लावला. ते त्यांचे गुरुजी. निवृत्तीला आले तरी हातात सुरी स्थिर.

"सर, अर्धवट वाढलेल्या कप्प्यात गर्भ आहे असं वाटतंय. सोळा आठवडे."

"वाटतंय की आहे?"

"भिंत दोन मिलिमीटर. खाली वाट दिसत नाही."

"उजवी किडनी बघ."

त्यांनी प्रोब कुशीकडे नेला. बरगड्यांखाली शोधलं, खाली शोधलं. जागा मोकळी होती.

"नाहीये, सर."

"मग ठरलं. गर्भाशय आणि किडनी आईच्या पोटात एकाच सुमाराला घडतात. एका बाजूचं काम अर्धवट राहिलं, की दोन्हीत खोट राहते. पाठव तिला. आणि हे बघ, स्ट्रेचरवरून आण. एक पाऊल चालवू नकोस."

फोन ठेवला तेव्हा रेडिओ त्यांच्याकडेच बघत होती.

"ठोके आहेत ना, डॉक्टर?"

"आहेत."

"मग चालत्या गाड्याला खीळ कशाला घालताय?"

डॉक्टरबाईंनी आत बोलावलेल्या सासूबाई दारात उभ्या होत्या. सुई बोटांत तशीच. डॉक्टरबाईंनी दोघींना सांगितलं. बाळ आहे त्या कप्प्याला बाहेर यायला रस्ता नाही. भिंत ताणून ताणून कागदासारखी झाली आहे. ती फाटली की काही मिनिटांचाच खेळ, मग बाळही नाही आणि आईही नाही. तो कप्पा बाळासकट काढावा लागेल. आत्ता.

"आणि ठोके?" रेडिओने परत विचारलं.

 सासूबाईंनी सुनेच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. "माझी पोर वाचवा," त्या म्हणाल्या. "बाकीचं मागून बघू."

हॉस्पिटल रस्त्यापलीकडेच होतं. स्ट्रेचरची चाकं प्रत्येक उंबऱ्यावर आपटत होती आणि प्रत्येक आपटीला डॉक्टरबाई स्ट्रेचरची कड हाताने उचलून धरत होत्या. त्या ऑपरेशन थिएटरमध्येही गेल्या. कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. पोट उघडलं तेव्हा आत रक्त नव्हतं. मोठ्या वांग्याएवढा जांभळा फुगवटा होता, आणि वरच्या टोकाला तो इतका पातळ झाला होता की आतलं पाणी हललेलं दिसत होतं.

"कोणी खोकू नका," सर्जन म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

चाळीस मिनिटं गेली. कप्पा अखंड बाहेर आला. ट्रेमध्ये ठेवताना तो वरच्या टोकाला आपोआप उसवला आणि पाणी ट्रेभर पसरलं.

हात धुताना सर्जन म्हणाले, "आजची संध्याकाळ काही तिने पाहिली नसती. वाचवलंस तू तिला."

"सर, मागच्या वेळी मी..."

"अगं, मनाला लावून घेऊ नकोस. असली माणसं बाहेरून धडधाकट असतात. किडन्या दोन आहेत की एक, कोण मोजायला जातंय? त्यांचं त्यांनाही माहीत नसतं."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. 

बाहेर सासूबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. डॉक्टरबाईंना ते सोडवून घेता येईनात. दुपारी त्या सेंटरवर परतल्या, संगणक उघडला आणि नमुन्यातली तिसरी ओळ खोडून जागा कोरी ठेवली. मग चौथी. मग पाचवी. मावशींनी पुढच्या पेशंटला हाक मारली, तरी त्या उठल्या नाहीत.

पहिल्या तपासणीला, मांजराची गोष्ट संपवून टेबलावर चढता चढता रेडिओ म्हणाली होती, "आणि हो डॉक्टर, मला जन्मापासून एकच किडनी आहे हं, लिहून घ्या," आणि डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "बरं बरं, आता बोलू नका, श्वास रोखून धरा."