हसतानाचा फोटो

साताऱ्याचा झाला, सांगलीचा झाला. मिरजेतला हा तिसरा दवाखाना. राहीबाईंनी चपला दाराबाहेर काढल्या आणि पाटीवरच्या हसऱ्या बाईकडे न बघता त्या आत शिरल्या.

डॉक्टर अबोली तिशीच्या असतील. त्यांनी दोघांना बसवलं आणि विचारलं, "दात कुणाचे दाखवायचेत, काका?"

राहीबाईंचे नवरे जोतीराम फौजेत हवालदारकी करून आलेले, पण एवढ्याशा प्रश्नाला त्यांनी बायकोकडं बघितलं. राहीबाईच बोलल्या. "आमचं न्हाईत, म्याडम. आमची लेक शिवांजली मागल्या श्रावणात तुमच्याकडं येऊन गेली. तवा तिचा फोटो काढला आसंल तुमी. तेवढा द्या."

"त्या नाही आल्या?"

"ती न्हाई आता. गाडीवरनं येत हुती. ट्रकनं..."

डॉक्टरांनी पुढचं बोलू दिलं नाही. पाण्याचा ग्लास पुढं केला.

वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं आणि भिंतीवर लावायला मनासारखा फोटो नव्हता. तसे फोटो पुष्कळ. शाळेतले, भावकीच्या लग्नातले, स्थळांना पाठवायला स्टुडिओत काढलेले. सगळ्यांत ओठ गच्च मिटलेले. पोरीचे वरचे दात पुढं आलेले, त्यात एकावर एक चढलेला. फोटोवाला तयार व्हायच्या आधी राहीबाईच दटावायच्या, ओठ मीट गं. पोर गुणाची, निमूट मिटायची. घरात मात्र अशी खिदळायची की शेजारीण काय झालं म्हणून विचारायला यायची. ते खिदळणं हल्ली राहीबाईंना नीट आठवेना. डोळे मिटले तरी पुढं यायची ती फोटोतलीच, तोंड मिटलेली. लेक गेली ती गेलीच, आता तिचं हसूही हातचं जाणार, या धास्तीनं त्या लेकीच्या दातांचे दवाखाने धुंडाळत होत्या.

साताऱ्याला नोकरी लागल्यावर शिवांजलीनं दात नीट करून घ्यायचं मनावर घेतलं होतं. स्थळं बघावीत तसे तिनं डॉक्टर बघितले. साताऱ्यात आता तिचं काहीच सापडलं नाही. सांगलीत मिळाला तो एक्स-रे, जबड्याच्या हाडांचा. बायकोनं तो पुन्हा बघू नये म्हणून जोतीरामांनी टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातला होता.

डॉक्टर कॉम्प्युटरवर नाव शोधत होत्या. "त्यांनी माझ्याकडंच करायचं ठरवलं होतं. तारीखही घेतली होती. आल्या नाहीत, तेव्हा मला वाटलं, दुसरीकडं गेल्या."

"तुमालाच का निवडलं तिनं?" जोतीरामांनी विचारलं.

"म्हणाल्या, तुमच्यापुढं तोंड उघडायची लाज नाही वाटली."

राहीबाईंनी मान खाली घातली.

पडद्यावर शिवांजली आली. अख्खा चेहरा, आणि हसत होती. दात पांढरेशुभ्र, एका ओळीत. जोतीराम खुर्चीतून उठलेच. "ह्योच द्या, म्याडम. लय झ्याक हाय."

राहीबाईंनी पडद्याकडं निरखून बघितलं. "आवं, ही आपली न्हाई."

"आगं, तीच की. कानातलं बघ."

"तोंड बघा."

डॉक्टर ओशाळल्या. "काकू बरोबर बोलतायत. चेहऱ्याचा फोटो काढताना त्यांनी ओठ उघडलेच नाहीत. उपचारानंतर कशा दिसतील ते दाखवायला हसू मी कॉम्प्युटरवर बसवलं."

"मग आसू दे की," जोतीराम म्हणाले. "तिला आसंच हुयाचं हुतं. जित्तेपणी न्हाई झालं, फोटोत तरी तिच्या मनासारखं हुईल."

नवऱ्याचं म्हणणं खरंच होतं. पण त्यांना पोर होती तशीच हवी होती, आणि आईचं मन अशा वेळी कुणाचं ऐकत नाही. त्या डॉक्टरांकडं वळल्या. "हेच्या आदीचं कायच न्हाई का?"

"एक आहे. पण भिंतीवर लावण्यासारखा नाही." डॉक्टर सांगू लागल्या. "दातांचा जवळून फोटो घेताना ओठ ताणून धरायला आम्ही प्लास्टिकचं एक साधन लावतो. ते लावल्यावर त्यांनी आरशात बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. मी ते काढलं तरी हसतच होत्या. तेवढ्यात कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं."

तो फोटो जरा हललेला होता. नाकापासून हनुवटीपर्यंत तेवढाच. तोंड भरून उघडलेलं, हिरड्या दिसतायत, दातावर दात चढलेला.

राहीबाई उठून पडद्याजवळ गेल्या. "व्हय," त्या म्हणाल्या, "आशीच." आणि परक्या जागेचं भान न ठेवता त्यांनी मोठ्यानं हंबरडा फोडला. जोतीराम त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. त्यांनीही आता तो चांगला फोटो मागितला नाही.

बऱ्याच वेळानं राहीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "ह्योच मोठा करून द्या, म्याडम. भिताडावर लावायचाय."

डॉक्टरांनी पडद्याकडं बोट केलं. "काकू, पण यात डोळे नाहीत, कपाळ नाही. चेहराच नाही त्यांचा."

"चेहरं घरात पेटीभर हायती," राहीबाई म्हणाल्या. "समदं मिटलेलं."